इंटरनेटवरील आपले स्वतःचे घर

या स्मरणिकेत बाजारभाव, करांचे नियम व समाजवार्ता यांविषयीचे लेख सभासद बंधुभगिनींनी आजवर पुष्कळ वाचले आहेत. यंदा आम्ही एका निराळ्या विषयाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या धान्याच्या ठोक व्यापाऱ्याने संगणकाविषयी लिहावे हे धाडसच आहे. परंतु ठेच लागलेल्या माणसाने मागून येणाऱ्यास खड्डा दाखवावा, एवढाच आमचा हेतु आहे.

व्यक्तीने अथवा कुटुंबाने स्वतःच्या नावाने इंटरनेटवर उघडलेल्या पानास होमपेज म्हणतात. त्यास तीन गोष्टी लागतात : नाव, जागा आणि मजकूर. नाव वर्षाच्या करारावर मिळते. सामान्य नावाचे वार्षिक भाडे एका पोते ज्वारीच्या किमतीहूनही कमी पडते. २०१४ पासून ‘.भारत’ या शेवटाचे देवनागरी नावही घेता येते. जागा म्हणजे रात्रंदिवस चालू असणाऱ्या संगणकावरील एक लहानशी वखार. मजकूर एचटीएमएल नावाच्या सोप्या खुणा घालून मांडावयाचा असतो. शाळकरी मूलही त्या थोड्या दिवसांत शिकू शकते.

ही विद्या फार जुनी नाही. जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये तिची कल्पना मांडली, १९९१ मध्ये पहिले संकेतस्थळ सर्वांस खुले झाले आणि १९९३ मध्ये संस्थेने ही विद्या जगास विनामूल्य देऊन टाकली. १९९४ मध्ये अमेरिकेत जिओसिटीज नावाची कंपनी निघाली. तिने इंटरनेटवर जणू पेठाच वसविल्या आणि ज्याला हवे त्यास त्यांत घरक्रमांक देऊन फुकट जागा दिली. आपल्या देशात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. आरंभी मराठी पान वाचावयाचे तर त्या पानाचाच टंक आधी आपल्या संगणकात उतरवून घ्यावा लागे. युनिकोड रूढ झाल्यावर ही अडचण दूर झाली.

त्या काळच्या पानांवर काय असे? कोणाची पोस्टाची तिकिटे, कोणाच्या आजीच्या पाककृती, कोणाचे प्रवासवर्णन. मांडणी ओबडधोबड, रंग भडक. परंतु त्यांत माणूस दिसे. दुसऱ्याच्या जत्रेत पाल टाकणे आणि स्वतःच्या ओसरीवर बसणे यांत जो फरक, तोच येथे आहे. जत्रेत कोणास पुढे बसवावयाचे हे जत्रेचा मालक ठरवितो. ओसरीवर भिंतीला काय टांगावे, कोणास चहा पाजावा, हे आपण ठरवितो. या पानांचे आकर्षण आम्हांस तरी यातच दिसते.

मात्र ओसरी खरोखर आपली हवी. जिओसिटीज १९९९ मध्ये याहू कंपनीने विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केली. काही हौशी मंडळींनी धावपळ करून पुष्कळ पानांच्या नकला वाचविल्या, तरी अनेकांची पाने कायमची गेली. फुकटच्या जागेचा कब्जा मालकाच्या मर्जीवर असतो, हे व्यापाऱ्यास वेगळे सांगावयास नको.

आम्ही मात्र ते विसरलो. पेढीची व कुटुंबाची सहा वर्षांची छायाचित्रे व टिपणे आम्ही एका कंपनीच्या फुकट खात्यावर ठेविली होती. एके सकाळी खाते बंद झाले. कारण कळले नाही. अर्ज केले, उत्तर आले नाही. त्यांतील आमच्या मातोश्रींची शेवटची छायाचित्रे आम्हांजवळ दुसरीकडे कोठेही नव्हती.

त्यानंतर आमच्या नातीने कुटुंबाचे स्वतंत्र पान उघडले. त्यावर आम्ही आजोबांच्या जुन्या वह्यांतील काही पाने चढविली आहेत. पायली, पल्ला, खंडी ही मापे. सात हाली रुपयांस सहा कलदार हा निजामी अमदानीतील हिशेब. खतावणीत मराठी, तेलुगू व उर्दू शब्द एकमेकांच्या मांडीस मांडी लावून बसलेले. पैनगंगेच्या अलीकडची आपली ही मराठी पुण्याच्या पुस्तकांत सापडत नाही. पूर्वी ती घरोघर कानावर पडे. आता मुले हैदराबाद, पुणे व परदेशी गेली आहेत; त्यांच्या मुलांस ती कोठे भेटणार? पानास भेट देणारे थोडेच आहेत. पण परदेशी असलेल्या पुतण्याने ‘पल्ला म्हणजे किती?’ असे विचारले, तेव्हा आमचे श्रम वसूल झाले.

तीन सूचना करून लेख आटोपतो. नावाचे भाडे मुदतीपूर्वी भरावे. न भरल्यास ते नाव दुसऱ्याच्या हाती जाऊ शकते. जन्मतारखा, मोबाइल क्रमांक व बँकेचा तपशील तेथे घालू नये. आणि सर्व मजकुराची नक्कल घरी दोन ठिकाणी ठेवावी. जैसलमेर व पाटण येथील ज्ञानभांडारांतील ग्रंथ आपल्यापर्यंत पोहोचले, कारण आपल्या पूर्वजांनी ते पुन्हापुन्हा लिहवून घेतले व जपले.

दुकानावर नावाची पाटी लावल्यावाचून आपण व्यापार करीत नाही. घरच्या आठवणींसही अशी एक पाटी असावी, एवढीच सभासद बंधुभगिनींस नम्र विनंती.