सापडण्याची सोय

माझा पुतण्या अमेरिकेत ओहायो राज्यात राहतो आणि नोकरी सांभाळून गेली सहा वर्षं घराच्या गॅरेजमध्ये दोन आसनी विमान बांधतो आहे. सुटे भाग संचाच्या रूपाने विकत मिळतात. पत्रे जुळवणं, हजारो रिव्हेट मारणं, तारा ओढणं हे आपलं आपण करायचं. तिकडे ही हौस जुनी आहे. १९५३ साली पॉल पोबेरेझ्नी यांनी मिलवॉकीत अशा हौशी मंडळींची संघटना काढली. तिचा ऑशकॉशचा वार्षिक मेळा आज जगप्रसिद्ध आहे. आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं आणि २०१७ साली त्याची सरकारी नोंदणीही झाली. तेव्हा मराठी वाचकालाही ही आता परीकथा वाटू नये.

गेल्या मार्चमध्ये पुतण्याने शेपटीचे फोटो पाठवले आणि विचारलं, "काका, ईएलटीचा अँटेना शेपटीच्या फायबरच्या कवचाखाली आडवा लपवला तर चालेल ना? बाहेर काठी उभी राहिली की सगळी रेषा बिघडते. तुम्ही अँटेनातले, म्हणून तुम्हाला विचारतो."

मी इचलकरंजीत तीस वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवलं. विमानात बसलो तो दोनदाच. पण अँटेना हा माझा विषय खरा. उत्तर देण्याआधी मी अपघातांचे तपास अहवाल वाचायला बसलो, आणि त्या वाचनात सहा महिने गेले.

ईएलटी म्हणजे इमर्जन्सी लोकेटर ट्रान्समीटर. विमान आदळलं की धक्क्याने आपोआप सुरू होणारा, स्वतःच्या बॅटरीवर चालणारा छोटा रेडिओ प्रेषक. 'मी इथे पडलोय' एवढंच तो सांगतो. तो सक्तीचा झाला त्यामागे एक करुण घटना आहे. १९६७ च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियाच्या डोंगरात एका कुटुंबाचं छोटं विमान पडलं. शोध घेऊनही ते सापडलं नाही. ऑक्टोबरमध्ये शिकाऱ्यांना अवशेष दिसले, तेव्हा मुलीच्या रोजनिशीवरून कळलं, की ती आणि तिची आई अपघातानंतर दीड महिन्याहून अधिक काळ जिवंत होत्या. १९७० च्या अखेरीस अमेरिकेत कायदा झाला. अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हायची होती. ती पूर्ण होण्याआधीच, १६ ऑक्टोबर १९७२ रोजी, हेल बॉग्ज आणि निक बेगिच हे दोन काँग्रेस सदस्य अलास्कात विमानासह नाहीसे झाले. ३९ दिवस शोध चालला. विमान आजतागायत सापडलेलं नाही.

पुढे अमेरिका, कॅनडा, फ्रान्स आणि सोव्हिएत युनियन यांनी शीतयुद्धाच्या काळातही एकत्र येऊन कोस्पास-सारसॅट ही उपग्रहांची यंत्रणा उभारली. १९८२ च्या सप्टेंबरमध्ये सोव्हिएत उपग्रहाने टिपलेल्या संकेतावरून कॅनडात पडलेल्या विमानातले तिघे वाचले. सुरुवातीचे प्रेषक १२१.५ मेगाहर्ट्झवर चालत. उपग्रहांनी त्या लहरी ऐकणं १ फेब्रुवारी २००९ पासून बंद केलं. आता ४०६ मेगाहर्ट्झवर सुमारे ५० सेकंदांतून एकदा, अर्धा सेकंद, ५ वॅट शक्तीचा संदेश जातो. त्यात त्या विमानाची ओळख असते. १२१.५ चा क्षीण स्वर आजही असतो, पण तो जवळ पोहोचलेल्या शोधपथकाला दिशा दाखवण्यापुरता.

इतकं सगळं आकाशात उभं आहे. पण त्याचा जमिनीवरचा शेवटचा दुवा ही हातभर काठी आणि तिची वायर आहे. तिथेच घोटाळा होतो. ९ ऑगस्ट २०१० रोजी अलास्कात माजी सिनेटर टेड स्टीव्हन्स यांचं विमान डोंगरावर आदळलं. नऊपैकी पाच जण गेले. वाचलेले चौघे सुमारे पाच तास वाट पाहत होते, कारण ईएलटी बैठकीतून निसटून अँटेनापासून तुटला होता आणि त्याची हाक कुणालाच ऐकू गेली नाही. ३१ मे २०१३ रोजी कॅनडात मूसोनीजवळ रुग्णसेवेचं हेलिकॉप्टर पडलं आणि चौघे दगावले. तिथे यंत्र सुरू झालं होतं, पण अँटेना मोडला होता.

आता पुतण्याच्या प्रश्नाकडे. माझ्या पिढीने टीव्हीचा अँटेना फिरवला आहे. एकाने गच्चीवरून "आलं का?" ओरडायचं आणि दुसऱ्याने खालून "मुंग्या येतायत, अजून थोडा फिरव!" म्हणायचं. अँटेनाची दिशा आणि ठेवण बदलली की तीच लहर येते किंवा जाते, हे आपण तेव्हाच शिकलो. ईएलटीचा अँटेना साधारणपणे पाव तरंगलांबीच्या हिशेबाचा असतो. ४०६ मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे ७४ सेंटिमीटर, तिचा पाव साडेअठरा. १२१.५ साठी तोच हिशेब ६२ सेंटिमीटरच्या आसपास जातो. अशी काठी एकटी काम करत नाही. तिच्या बुडाशी धातूचा पसारा लागतो. तो आरशासारखा काठीची उरलेली अर्धी बाजू पुरी करतो. ॲल्युमिनियमच्या विमानात तो पत्रा आयता असतो. काचतंतूच्या किंवा कापडी विमानात आतून धातूच्या पट्ट्या चिकटवून तो करावा लागतो. कार्बनतंतू तर लहरी अडवतोच. त्याच्या आत अँटेना ठेवणं म्हणजे पत्र्याच्या डब्यात ट्रान्झिस्टर ठेवण्यासारखं.

काठी उभी असेल तर लहरी चहूबाजूंना पसरतात. आडवी केली, की तिच्या दोन्ही टोकांच्या दिशेला जवळजवळ काहीच जात नाही. शेपटीचं फायबरचं कवच लहरींना अडवत नाही, हे पुतण्याचं म्हणणं बरोबर होतं. पण त्या कवचाच्या आजूबाजूला शेपटीचे उभे-आडवे ॲल्युमिनियमचे पंख असतात. काठी त्यांच्या कुशीत निजली की लहरींना वाट उरत नाही. पुष्कळ हौशी मंडळी हीच जागा निवडतात आणि वार्षिक तपासणीत त्यांचा अँटेना पासही होतो. पण टॉवरखालच्या घरात टीव्हीला वायरचा तुकडा लावला तरी चित्र येतं. चार पावलांवर ऐकू आलेला स्वर हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाची खात्री देत नाही.

म्हणून मी त्याला जागा सांगितली ती अशी : विमानाच्या पाठीवर, शेपटीच्या उभ्या पंखाच्या थोडं पुढे, उभा, खालून पत्र्याला जोडपट्टी देऊन. डबा त्याच्या बरोबर खाली, कण्यासारख्या भक्कम भागाला बोल्टने आवळलेला. अमेरिकन नियमही प्रेषक शक्य तितका मागे बसवायला सांगतो, कारण आदळताना पुढचा भाग चेपतो आणि शेपूट बहुधा शाबूत राहते. पण पुष्कळदा ती आसनांच्या मागे तुटून वेगळी होते. डबा पुढे आणि अँटेना मागे असेल, तर मधली वायर त्याच क्षणी तुटली म्हणून समजा. दोघं मोडणीच्या एकाच बाजूला हवीत. वायर आखूड हवी, तरी ताणलेली नको. तिला थोडी ढील हवी. २०१५ साली नासाने लँगली केंद्रात तीन जुनी सेसना १७२ विमानं उंचावरून सोडून आपटवली, ती हेच पाहण्यासाठी.

आणखी एक गोष्ट मला अहवालांतूनच कळली. प्रचलित ४०६ प्रेषक चालू झाला तरी पहिला संदेश सोडायला सुमारे ५० सेकंद घेतो. खोट्या हाका टाळाव्यात म्हणून ही सवड ठेवलेली आहे. पण त्या ५० सेकंदांत विमान पेटू शकतं, बुडू शकतं, उलटं होऊ शकतं. अँटेना आणि वायर यांना तेवढा वेळ तरी तग धरता आला पाहिजे. पुतण्याचं विमान शेपटीखाली चाक असलेलं. मऊ शेतात उतरलं तर नाकावर उलटण्याची भीती अधिक. तेव्हा पाठीवरची काठी खाली जाणार. यावर पक्का इलाज नाही. उभ्या पंखाजवळ असल्याने तिला थोडी पोकळी मिळू शकते, आणि कडक दांडीपेक्षा लवचीक काठी मोडण्याऐवजी वाकते, एवढंच. बाकीसाठी खिशात वेगळा छोटा ४०६ प्रेषक ठेव, असं मी त्याला सांगितलं. तो हाताने सुरू करावा लागतो. पण माणूस शुद्धीवर असेल तर तो त्याच्याबरोबर विमानाबाहेर पडतो.

हे सगळं मी फोनवर सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, म्हणजे सहा वर्षं खपून बांधलेलं विमान मी मोडलेलं कल्पून बघायचं?"

मी म्हटलं, "हो. कुठून दुमडेल, कुठून तुटेल, उलटं कसं पडेल, ते सगळं. विमानातली बाकीची प्रत्येक वस्तू उडण्यासाठी आहे. ही एकच उडणं संपल्यावर कामाला येणार आहे. तिची जागा उडणाऱ्या विमानाकडे बघून ठरवता येत नाही."

लपवायची इच्छा मला कळते. आपणही मृत्युपत्राचा कागद कपाटात अगदी तळाशी ठेवतो. पण शोधायला येणाऱ्याला तळ कुठला हे ठाऊक नसतं.

ऑगस्टमध्ये फोटो आला. पाठीच्या चकचकीत पत्र्याला भोक पाडलेलं, त्यातून काळी काठी उभी. खाली त्याने लिहिलं होतं, "दिसायला वाईटच आहे." शेजारी त्याची आठ वर्षांची मुलगी उभी होती. पहिली बसणार ती तीच, असं त्याने आधीच कबूल केलेलं आहे.