नाशिकचे राजीव पाटील : पाच चित्रपट

दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. त्याच नाशिक जिल्ह्यातला हा दिग्दर्शक गावकुसातल्या माणसांकडे वळला.

● सावरखेड एक गाव (२००४) : पहिला चित्रपट, गावावर पसरलेल्या भीतीचं रहस्य.

● सनई चौघडे (२००८) : कांदेपोहे आणि लग्नाचा बाजार.

● जोगवा (२००९) : जट निघाली म्हणून देवीला सोडलेली सुली (मुक्ता बर्वे) आणि लुगडं नेसायला भाग पाडलेला तायप्पा (उपेंद्र लिमये). बाई कोण, पुरुष कोण, हे ठरवायचं कुणी? राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ व ‘भंडारभोग’ या कादंबऱ्या आणि चारुता सागर यांची ‘दर्शन’ ही कथा यांवर आधारित.
*राष्ट्रीय पुरस्कार पाच :* सामाजिक विषयावरील चित्रपट, अभिनेता (लिमये), संगीत (अजय-अतुल), गायक (हरिहरन), गायिका (श्रेया घोषाल).

● पांगिरा (२०११) : विश्वास पाटील यांच्या कादंबरीवरून, पाण्यासाठी भांडणारं गाव.

● ७२ मैल : एक प्रवास (२०१३) : अशोक व्हटकर यांच्या पुस्तकावरून. वसतिगृहातून पळालेला मुलगा आणि वाटेत भेटलेली राधाक्का (स्मिता तांबे). सातारा ते कोल्हापूर, पायी.

हा चित्रपट ऑगस्टमध्ये झळकला. पुढच्याच महिन्यात, सप्टेंबर २०१३ मध्ये, पाटील गेले.