कानाचा निःपक्षपात

पेण व रोहा या बाजूचीं भजनें, आरत्या आतां घरच्या संगणकावरही मुद्रित होतात. मागाहून आवाजास घुमारा वा उठाव देणारें 'प्लग-इन' चढविलें कीं गायन खुललेंसें वाटतें. परंतु आमच्या मतें येथेंच कान फसतो. कित्येक प्लग-इन मुळीं ध्वनि वाढवूनच देतात. आणि ध्वनि वाढला म्हणजे खर्ज अधिक भरीव भासतो, हें फ्लेचर व मन्सन यांनीं १९३३ सालींच दाखविलें आहे. यास्तव संस्कारापूर्वींचा व नंतरचा ध्वनि प्रथम समान पातळीवर आणावा, कोणता कोणता हें न कळतां दोन्ही ऐकावे, मगच निवड करावी. पेणच्या दोन गणेशमूर्ति आपण एकाच उजेडांत पारखतों ना? तोच न्याय कानास लावावा. नाहीं तर केवळ मोठेपणाच्या मोहानें बुवांच्या गळ्यांतील स्वाभाविक गोडवा आम्ही आपल्याच हातांनीं पुसून टाकूं.