परत पाठवा, असं लिहिणारे

फ्रान्सच्या आघाडीवरून 1915 साली हिंदी शिपायांनी घरी पाठवलेली पत्रं आज प्रामुख्याने सेन्सॉरच्या अहवालांतून वाचता येतात. हे अहवाल लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. कुणी लिहिलं, कुणाला, मूळ भाषा कोणती, एवढी नोंद आणि खाली इंग्रजीत उतरवलेला मजकूर. वाचताना माझी बोटं फिरून फिरून एकाच विनवणीवर थांबत होती: आता आम्हाला घरी जाऊ द्या.

पत्राचा प्रवास समजून घेतल्याशिवाय त्या विनवणीचं मोल कळत नाही. बहुतेकांना अक्षरओळख नव्हती, म्हणून मनातलं आधी लेखनिकाला सांगायचं. मग पलटणीतला अधिकारी ते बघणार. त्यानंतर बूलोन इथलं सेन्सॉर कार्यालय. तिथले प्रमुख इव्हलिन हॉवेल मुलकी सेवेतले. आठवड्याला दहा ते वीस हजार पत्रं निघत. सगळी वाचणं शक्यच नव्हतं, म्हणून निवडक उघडायची, भाषांतर करायची, फौजेची मनःस्थिती वरिष्ठांना कळवायची. शिपाई कविता करू लागले आहेत हे मन बिघडल्याचं लक्षण दिसतं, असंही हॉवेल यांनी नोंदवून ठेवलं. म्हणजे घरची ओढ सरकारला ठाऊक होती. ती नीट टिपली जात होती, वर पोचवली जात होती, आणि माणूस मात्र तिथेच राहत होता.

शिपायांनाही पत्रं वाचली जातात हे माहीत होतं. मग काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची येते आहे, अशी भाषा सुरू झाली. काळी म्हणजे आपली माणसं, लाल म्हणजे गोरी. भावाला भरती होऊ देऊ नका, हेही असंच आडून सांगितलं जाई.

सर्वांत मोठा घाव जखमींचा. एकदा रक्त सांडलं की आपलं देणं फिटलं, आता बोटीने घर, अशी त्यांची समजूत होती. इंग्लंडमध्ये ब्रायटनच्या राजवाड्यातल्या इस्पितळात त्यांच्यासाठी खाटा होत्या, जातीधर्माप्रमाणे वेगवेगळी स्वयंपाकघरं होती. पण जखम भरली की पुन्हा खंदकात. इस्पितळातल्या पत्रांमधला कडवटपणा इथूनच येतो, आणि मला तो पूर्णपणे रास्त वाटतो. चांगलं अन्न आणि स्वच्छ चादर ही सुटकेची भरपाई होऊ शकत नाही.

1915च्या अखेरीस हिंदी पायदळ फ्रान्समधून हललं, पण मुख्यतः मेसोपोटेमियाकडे. आपल्याकडचे मराठे तिथे आधीच लढत होते. 29 एप्रिल 1916 रोजी कुत-अल-अमारा पडलं तेव्हा 103, 110 आणि 117 या मराठा पलटणींतले शिपाई कैदेत गेले. त्यांतल्या अनेकांना पुन्हा गाव दिसलं नाही.

फ्रान्सच्या त्या पत्रांपैकी बहुतेकांची मूळ प्रत आज सापडत नाही. म्हणून साताऱ्यात, कोकणात, घाटावर ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांची फौजेतली कागदपत्रं असतील त्यांना सांगणं आहे: ट्रंकेतलं जुनं पोस्टकार्ड, सेन्सॉरचा शिक्का असलेलं पाकीट रद्दीत घालू नका. दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि जवळच्या संग्रहालयाला किंवा इतिहास संशोधन मंडळाला दाखवा. अक्षर लागलं नाही तरी दाखवा.