कानाला मागचं पान नसतं

शिकागोच्या उत्तर भागात 'ग्रीन मिल' नावाचा एक जुना जॅझ क्लब आहे. दारूबंदीच्या काळात अल कपोनच्या टोळीतल्या माणसांचा तिथं राबता असायचा. १९८६च्या जुलैपासून या क्लबात रविवारी संध्याकाळी एक अजब प्रकार सुरू झाला. कवीनं मंचावर येऊन कविता म्हणायची आणि समोर बसलेल्या गिऱ्हाइकांनी तिला गुण द्यायचे. हे सुरू करणारा मार्क स्मिथ बांधकामावर काम करणारा माणूस होता आणि कविताही लिहायचा. कागदात डोकं खुपसून पुटपुटणाऱ्या कवींच्या वाचनांचा त्याला वीट आला होता. या प्रकाराला 'स्लॅम' हे नाव पडलं आणि चारच वर्षांत, १९९० साली, सॅन फ्रान्सिस्कोत त्याची राष्ट्रीय स्पर्धाही भरली.

पुढे जे नियम रूढ झाले ते वाचताना गंमत वाटते. कविता स्वतःची हवी. वेळ तीन मिनिटं, वर दहा सेकंदांची सूट, त्यानंतर गुण कापायचे. वेशभूषा नको, वाद्य नको, हातात कसली वस्तू नको. परीक्षक पाच, आणि तेही प्रेक्षकांतून हाताला लागतील ते. त्यांनी शून्य ते दहा गुण द्यायचे. सगळ्यांत वरचा आणि सगळ्यांत खालचा आकडा सोडून उरलेल्या तिघांची बेरीज धरायची. स्पर्धा सुरू होण्याआधी एका कवीला स्पर्धेबाहेर, नुसताच 'बळी' म्हणून मंचावर पाठवतात, म्हणजे परीक्षकांचा हात बसतो. तरीही रात्र चढते तसे आकडे चढतातच. आठ वाजता साडेसात गुण मिळवणारी कविता दहा वाजता नऊच्या घरात गेली असती, हे स्लॅमच्या कवींना पक्कं ठाऊक असतं आणि पहिली पाळी आलेला कवी नशिबाला बोल लावत मंचावर चढतो. ग्रीन मिलमध्ये तर लोकांना कविता आवडली नाही की ते चुटक्या वाजवायला लागतात. तेवढ्यानं कवी थांबला नाही तर पाय आपटतात, मग कण्हतात.

कवितेला आकडा लावणं हा शुद्ध वाह्यातपणा आहे. पण त्या आकड्यामागची चाल हुशार आहे. गुण द्यायचे म्हटल्यावर माणूस ऐकतो. एरवी ग्लासात बर्फ हलवत बसला असता तो आता शेवटच्या शब्दापर्यंत कान देऊन बसतो. आणि शेजारच्या टेबलानं आपल्या आवडत्या कवीला सहा दिले की आरडाओरडा करायला मोकळा होतो.

मराठी माणसाला हे फार परकं वाटायचं कारण नाही. आपल्याकडे कलगीवाले आणि तुरेवाले शाहीर रात्ररात्र समोरासमोर उभे राहिले आहेत. एक शक्तीच्या बाजूचा, दुसरा शिवाच्या. एकानं डफावर थाप मारून पुराणातलं कोडं घालायचं, दुसऱ्यानं गाण्यातच त्याची उकल करून उलटा सवाल टाकायचा. जमलेल्या शेतकऱ्यांना वेदान्त किती कळत असेल हा प्रश्न सोडून द्या. कोण अडकला, कोण निसटला हे त्यांना नेमकं कळायचं.

चढाओढीनं माणूस जागा राहतो, हे खरं. पण रंगून का जातो, याचं उत्तर कवितेच्या घडणीत शोधायला हवं. छापलेल्या कवितेत एखादी ओळ निसटली तर डोळे मागे जातात. कानाला ती सोय नाही. म्हटलेली ओळ हवेत विरते आणि तोवर पुढची आलेली असते. जगभरातल्या बोलल्या जाणाऱ्या कवितेनं या एकाच अडचणीवर इतक्या तऱ्हेतऱ्हेच्या युक्त्या काढल्या आहेत की त्या पाहताना थक्क व्हायला होतं.

गझलेचंच बघा. तिचा पहिला शेर, मतला, म्हणजे श्रोत्यांना दिलेली किल्लीच असते. नमुना म्हणून इथंच दोन ओळी जुळवतो, त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका:

बोलले सारे तरी सांगायचे मी विसरले
देव आला अन् तरी मागायचे मी विसरले

आता सभेला दोन गोष्टी कळल्या. यापुढे प्रत्येक शेर 'मी विसरले' यावर येऊन थांबणार, हा झाला रदीफ. त्याच्या अलीकडे सांगायचे, मागायचे यांच्या जातीचा एक शब्द येणार, हा काफिया. मग कवयित्री पुढच्या शेराची पहिली ओळ म्हणते:

लेक झाले, सून झाले, माय झाले... अन् पुढे

आणि थांबते. तीच ओळ पुन्हा म्हणते. मुशायऱ्यात तर श्रोतेच ती ओळ उचलून कवीकडे परत फेकतात. या थांबण्यात काय चाललेलं असतं? सभेतला प्रत्येक जण मनातल्या मनात काफिया शोधत असतो. शेवट कुठं होणार हे ठाऊक आहे, तिथवर कसं जायचं ते ठाऊक नाही. मग दुसरी ओळ येते:

माणसासम एकदा वागायचे मी विसरले

'वागायचे' कानावर पडायच्या क्षणभर आधीच तो काहींना सुचलेला असतो, आणि 'मी विसरले' तर सगळी सभाच म्हणून टाकते. आपण ओळखलं याचा आनंद आणि कवयित्रीनं आपल्याला कुठं आणून सोडलं याचा धक्का, दोन्ही एकाच वेळी बसतात. 'वा' तिथंच उमटते, आधी नाही आणि नंतरही नाही. कागदावर मात्र हे दोन्ही मिसरे एकाच नजरेत येतात आणि अर्धी करामत वाया जाते. सुरेश भटांनी नव्या कवींसाठी 'गझलेची बाराखडी' लिहिली तेव्हा नियम शिकवले ते रदीफ-काफियाचे आणि वृत्तांचे. पण ते नियम मुळात ऐकणाऱ्याच्या सोयीसाठी घडलेले आहेत.

पोवाड्याची युक्ती वेगळी. शाहीर झपाट्यानं प्रसंग सांगत जातो, नावं येतात, गावं येतात, तलवारी चालतात, आणि कडव्याच्या टोकाला मागचे झीलकरी तुणतुण्याच्या साथीवर 'जी जी' असा सूर लांबवतात. ऐकणाऱ्याला ही नुसती शोभा वाटते. खरं तर त्या काही सेकंदांत तीन कामं होतात: शाहीर दम घेतो, पुढची ओळ मनाशी आणतो आणि श्रोता आताच ऐकलेलं पोटात घालतो. १६५९ साली अफझलखान मारला गेला, त्यावरचा अगिनदासाचा पोवाडा हा हाती लागलेल्या जुन्यात जुन्या पोवाड्यांपैकी एक. १८९१ साली अॅकवर्थ आणि शाळिग्राम यांनी असे पोवाडे छापून काढले, त्याआधीची सव्वादोनशे वर्षं तो प्रामुख्यानं तोंडातून कानात असाच राहिला होता. हीच घडण घेऊन १९४३ साली, शाळेत जेमतेम दीड दिवस बसलेल्या अण्णाभाऊ साठ्यांनी स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचला. व्होल्गाकाठचं युद्ध मुंबईच्या कामगारांना डफावर ऐकायला मिळालं, आणि ते त्यांना दूरचं वाटलं नाही.

इतकं सगळं लक्षात राहतं तरी कसं? मिल्मन पॅरी हा हार्वर्डचा अभ्यासक १९३३ ते १९३५ या काळात हाच प्रश्न घेऊन युगोस्लाव्हियाच्या डोंगराळ भागात हिंडला. होमरची महाकाव्यं लिहायला न येणाऱ्यांनी रचली असतील का, हे त्याला तपासायचं होतं. तिथं त्याला अव्दो मेजेदोविच भेटला. धंद्यानं खाटीक, अक्षरशत्रू. त्यानं एक काव्य सांगितलं ते १२,३११ ओळींचं भरलं. त्याहून नवलाचा एक प्रयोग पॅरीनं केला. अव्दोनं कधीही न ऐकलेलं एक गाणं दुसऱ्या गायकाकडून त्याच्यासमोर म्हणवून घेतलं, २,२९४ ओळींचं. मग अव्दोला विचारलं, तुला हे जमेल का? अव्दोनं ते म्हटलं ते ६,३१३ ओळींचं झालं. त्यानं पाठांतर केलं नव्हतंच. घोडा कसा सजवायचा, सभा कशी भरवायची, वीर कसा रडतो, याचे तयार साचे त्याच्या जिभेवर होते, आणि वृत्ताच्या ठेक्यावर तो ते जागच्या जागी जुळवत होता. पॅरी १९३५ सालीच वारला. त्याचा विद्यार्थी अल्बर्ट लॉर्ड यानं ही उकल १९६० साली पुस्तकात मांडली. समोरचे श्रोते कंटाळलेत की रंगलेत, यावर गाण्याची लांबी ठरत असे, हेही त्यात आहे.

वृत्त नाही, चाल नाही, झीलकरी नाहीत, तेव्हा काय? विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर या तिघांनी एकत्र काव्यवाचनाचे कार्यक्रम करत अख्खा महाराष्ट्र पालथा घातला. एक इंग्रजीचे प्राध्यापक, एक सेवादलाच्या कलापथकात घडलेले, एक आकाशवाणीत काम केलेले. सभागृहं भरायची ती कवितेसाठी. मध्ये गाणं नाही, नकला नाहीत. माझ्या मते यातली अर्धी जादू तीन वेगळ्या आवाजांत होती. एका आवाजाची सवय होऊन कान सुस्तावायच्या आत दुसरा यायचा. बाकीची कवितेच्या बांधणीत. पाडगावकरांची 'सलाम' घ्या, त्याच नावाच्या १९७८च्या संग्रहातली. ती मुक्तछंदात आहे, पण एकच शब्द पुन्हा पुन्हा येत राहतो. दर खेपेला तो आला की श्रोत्याला कळतं की जुनं वाक्य संपलं, नवं सुरू झालं. सातव्या-आठव्या खेपेला लोक हसतात, आणि हसता हसता केव्हातरी हसणं अंगावर येतं, कारण मान तुकवणाऱ्यांच्या त्या यादीत आपणही आहोत.

अंगावर येणं हा शब्दप्रयोग शास्त्रज्ञांनी अगदी शब्दशः घेतला. फ्रँकफर्टच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांना मोठ्यानं म्हटलेल्या कविता ऐकवल्या आणि त्यांच्या कातडीवर एक छोटा कॅमेरा रोखून ठेवला, काटा उभा राहतो का हे टिपायला. काटा खरंच उभा राहिला. पण मला चकित करतं ते पुढचं. शहारे कवितेत कुठंही, कसेही आलेले नव्हते. ते ओळीच्या, कडव्याच्या आणि सगळ्यांत जास्त कवितेच्या शेवटापाशी दाटलेले होते. शिवाय शहारा येण्याच्या काही सेकंद आधीपासूनच मेंदूतले सुखाशी जोडलेले भाग हलू लागलेले दिसले. म्हणजे शरीर वाट पाहायला लागतं, आणि त्या वाट पाहण्यातच अर्धं सुख असतं. मुशायऱ्यातला जो कवी पहिला मिसरा तीनदा म्हणतो त्याला हे यंत्राशिवाय माहीत होतं.

हे सगळं एकट्या श्रोत्याबद्दल. गर्दी त्यात काय भर घालते? २००० साली 'नेचर'मध्ये टाळ्यांवर एक छोटा लेख आला होता. हंगेरी आणि रुमानियातल्या नाट्यगृहांत संशोधकांनी टाळ्या ध्वनिमुद्रित केल्या. आधी नुसता कडकडाट, मग कुणीही न सांगता शेकडो हात एका ठेक्यात. हे कसं जमतं? माणसं आपला वेग जवळजवळ निम्म्यावर आणतात. हळू वाजवलं की प्रत्येकाचा ठेका एकमेकांच्या जवळ येतो. पण हळू वाजवल्यानं एकूण आवाज कमी पडतो, तेवढ्यानं समाधान होत नाही, लोक वेग वाढवतात आणि मेळ मोडतो. पुन्हा कडकडाट, पुन्हा मेळ. आवाज मोठा हवा की एकत्र हवा, याची ती अख्ख्या सभागृहाची ओढाताण असते, आणि सभेतल्या एकालाही आपण काही ठरवतोय याचा पत्ता नसतो.

गर्दीच्या या ताकदीला नाकं मुरडणारेही आहेत. हॅरॉल्ड ब्लूमसारख्या बड्या समीक्षकानं स्लॅममध्ये कलेचं मरण पाहिलं. त्यांचा राग अगदीच बिनबुडाचा नाही. ज्या ओळीला लगेच टाळी मिळते तीच ओळ कवी पुन्हा पुन्हा लिहायला लागतो. आपल्या कविसंमेलनांत विनोदी कविता बाकीच्यांना झाकून टाकते ते याचमुळे, आणि मोबाइलवर फिरणाऱ्या कवितांचा चढता, ओला, सगळ्यांचा सारखाच सूर ऐकला की मलाही चुटक्या वाजवाव्याशा वाटतात. पण वाईट कविता छापूनही येतात, आणि छापील वाईट कवितेसमोर पाय आपटायची सोय नसते.

आता त्या मागच्या पानाविषयी. श्रोत्यानं त्यावर स्वतःच उपाय काढलेले आहेत. मुशायऱ्यात तो 'मुकर्रर' म्हणतो, संगीत नाटकात 'वन्स मोअर'. यातला सगळ्यांत ठसठशीत प्रकार बघायचा तर एप्रिलमध्ये आंबेडकर जयंतीच्या आसपास एखाद्या वस्तीतल्या भीमगीतांच्या कार्यक्रमाला जावं. वामनदादा कर्डकांची गाणी तिथं अजून रात्रभर चालतात. प्रौढपणी अक्षरं शिकलेल्या या कवीचं म्हणणं पुस्तकं पोचली नाहीत तिथं गळ्यांनी पोचवलं. एखादी ओळ वर्मी बसली की गर्दीतून कुणीतरी उठतो आणि मंचापाशी जाऊन दहाची नोट पुढं करतो. गायक तान आवरून माइकवर त्याचं नाव सांगतो, गल्ली सांगतो, रक्कम सांगतो, आभार मानतो आणि तीच ओळ पहिल्यापासून उचलतो. तेवढ्यात दुसरा उठलेला असतो. मग त्याचं नाव, त्याची गल्ली, पुन्हा तीच ओळ. अशी चार-पाच बक्षिसं झाल्याशिवाय गाणं पुढच्या कडव्यात जात नाही, आणि जायची घाईही कुणाला नसते.