समुद्रावर जायचंय? आधी गाव नीट निवडा

परीक्षा संपल्या की घरोघरी एकच चर्चा सुरू होते. यंदा कुठे जायचे? आम्हा घाटावरच्या मंडळींना कोकणातल्या समुद्राची ओढ फार. गेल्या मे महिन्यात असेच एक कुटुंब जाऊन आले आणि परतल्यावर चौथ्या दिवशी घरच्या आजींना घेऊन दवाखान्यात आले. आजींच्या दोन्ही तळपायांना मोठाले फोड आले होते. भर दुपारी चपला हातात घेऊन त्या वाळूतून चालल्या होत्या. पंधरा वर्षांचा मधुमेह, त्यामुळे पायांची संवेदना गेलेली. वाळू तापली आहे हे त्यांना कळलेच नाही. जखमा भरायला दोन महिने लागले.

गाव मुलांनी निवडले, भोगले मात्र आजींनी. म्हणून आजचा मुद्दा साधा आहे. समुद्रकाठचे गाव फोटो पाहून निवडू नये. घरातल्या सर्वांत नाजूक माणसाला ते झेपेल का, हे पाहून निवडावे.

पाणी कसे आहे?

सगळे किनारे सारखे नसतात. गणपतीपुळ्याला मंदिर अगदी लाटांजवळ आहे, पण तिथला समुद्र पोहण्यासाठी धोक्याचा आहे. देवदर्शन करावे, किनाऱ्यावर बसावे आणि पाय भिजवून परतावे. दापोलीजवळच्या मुरूड, कर्दे भागात किनारा बराच सपाट आहे. तरीही सपाट किनारा म्हणजे सुरक्षित समुद्र असे समजू नये. रायगड जिल्ह्यातल्या मुरूडला फेब्रुवारी २०१६ मध्ये सहलीला आलेले पुण्याचे १४ विद्यार्थी बुडाले. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळ वायरीला बेळगावचे आठ जण गेले. बहुतेक सगळे ऐन तारुण्यातले होते.

किनाऱ्यावर आलेले पाणी कधी कधी एका अरुंद पट्ट्यातून जोराने आत परतते. लाटा फुटत असताना मधलाच पट्टा शांत दिसला, तर तिथे उतरू नये. ओढ लागलीच तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नये. किनाऱ्याला समांतर पोहून आधी पट्ट्याबाहेर पडावे, मग किनारा गाठावा. पोहता येत नसेल तर तरंगत राहून हात वर करावा.

भरती-ओहोटी

कोकणातला जुना हिशेब ध्यानात ठेवा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. तिथून सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते, म्हणून लहान मुले बरोबर असतील तर अष्टमीच्या आसपासचे दिवस बरे. ओहोटी लागलेली असताना पाण्यात उतरू नये. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला चालत जाऊन पाहता येतो, पण भरती सुरू झाली की परतीची वाट पाण्याखाली जाते. नेमकी वेळ गावातल्या कोळी बांधवांना विचारावी आणि त्यांनी नको म्हटले की वाद घालू नये.

दवाखाना किती दूर?

हा प्रश्न खोली ठरवण्याआधी विचारावा. घरात हृदयरोगी, दमेकरी किंवा तान्हे मूल असेल तर एकाकी किनारा टाळावा. अलिबागला जिल्हा रुग्णालय गावातच आहे. गणपतीपुळ्याहून रत्नागिरी साधारण २५ किलोमीटर. दापोलीत उपजिल्हा रुग्णालय आहे, शिवाय गाव उंचावर असल्याने हवाही किनाऱ्यापेक्षा थंड. आजी-आजोबांनी तिथे मुक्काम करावा आणि संध्याकाळी समुद्रावर उतरावे, हे उत्तम.

केव्हा जावे?

जून ते ऑगस्ट समुद्राच्या वाटेला जाऊ नये. मे महिन्यात दमट हवेमुळे घाम वाळत नाही, शरीर थंड होत नाही आणि म्हातारी माणसे व मुले लवकर गळतात. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचा काळ सर्वांत सुखाचा. मे महिन्यातच जायचे असेल तर अकरा ते चार घरात राहावे.

निघण्यापूर्वी एवढे करा

• रोजची औषधे दोन दिवस जास्तीची घ्यावीत. इन्शुलिन गाडीच्या डिकीत ठेवू नये.
• जलसंजीवनीची पाकिटे, उकळलेले पाणी आणि टोप्या बरोबर असाव्यात.
• घाटात ज्यांना गाडी लागते त्यांनी पोटभर जेवून निघू नये.
• मधुमेह्यांनी वाळूतही बंद पादत्राणे घालावीत आणि रात्री तळपाय तपासावेत.
• पाण्यात असलेल्या मुलांवर एका मोठ्या माणसाने सतत नजर ठेवावी. ‘सगळे बघताहेत’ म्हणजे कोणीच बघत नसते.
• बोटीत बसताना प्रत्येकाने लाइफ जॅकेट घालावे, मुलांनीसुद्धा. दारू प्यालेल्याने पाण्यात जाऊच नये.
• बुडालेल्याला बाहेर काढल्यावर उलटे धरून पोटातले पाणी काढत बसू नये. श्वास थांबला असेल तर तोंडाने श्वास द्यावा, छातीवर दाब देत राहावे आणि दुसऱ्याने १०८ ला फोन करावा.

आजींचे पाय आता बरे आहेत. ते कुटुंब यंदा पुन्हा समुद्रावर जाणार आहे, पण दिवाळीनंतर. गाव कोणते, हे या खेपेला आजींना विचारून ठरले आहे.