चौकट : टँगो आणि मैना

कार्लोस गार्देलने 1917 मध्ये ‘मी नोचे त्रिस्ते’ ध्वनिमुद्रित केले आणि टँगोच्या गीतांना विरहाचा सूर लागला. पास्कुआल कोंतुर्सीच्या या गीतातला पुरुष टाकून दिलेला आहे. त्याच्या खोलीत गिटार कपाटात तशीच टांगलेली आहे. बुएनोस आयर्स तेव्हा घरदार मागे सोडून आलेल्यांनी भरले होते, म्हणून हरवलेल्या प्रेयसीचे दुःख तिथे घराघरांत ओळखीचे वाटले. आपल्याकडे त्याच्या सर्वांत जवळ जाते ती अण्णा भाऊ साठे यांची ‘माझी मैना’ ही छक्कड. जुन्या लावणीत विरह बहुतेकदा बाईच्या तोंडी असतो. इथे पोटासाठी मुंबई गाठलेला गडी गातो. दोष मात्र तो मैनेला देत नाही, गरिबीला देतो. माझ्या मते टँगोपेक्षा ही छक्कड इथेच मोठी होते.

कुणी म्हणेल, हे संयुक्त महाराष्ट्राचे प्रचारगीत. मैना म्हणजे बेळगाव, कारवार, निपाणी. रूपक आहेच, पण ते पेलते कशावर? ताटातूट सोसलेल्या श्रोत्यांवर. गिरणगावात देवरूख-संगमेश्वरकडचे चाकरमानीही होते. बायको गावी भातशेती सांभाळायची, भेट व्हायची ती गणपतीला नि शिमग्याला. सीमाभाग तुटल्याची कळ त्यांना नकाशा न पाहताच कळली.